खिडकीचे पैसे

जहाज धक्क्यावरून सुटलं आणि एखादी खोली रिकामी राहिली, की त्या खोलीचे त्या फेरीपुरते पैसे बुडाले. सोयाबीनला भाव नसेल तर पोत्यांची थप्पी लावून चार महिने वाट बघता येते. शुक्रवार रात्रीची खोली सोमवारी विकता येत नाही. क्रूझचं बुकिंग झाल्यावर ‘थोडे पैसे भरा आणि बाल्कनीची खोली घ्या’ असे जे ईमेल, फोन आणि व्हॉट्सअॅपचे निरोप येऊ लागतात, त्यांच्या मुळाशी हे साधं गणित असतं. त्यात एक मेखही आहे. सर्वांत स्वस्त असते ती आतली, बिनखिडकीची खोली, आणि गिऱ्हाईकही तिलाच चटकन मिळतं. मग कंपनी आतल्या खोलीतल्या माणसाकडून जादा पैसे घेऊन त्याला वर सरकवते आणि त्याची मोकळी झालेली खोली दुसऱ्याला नव्याने विकते.

लातूर–मुंबई एक्स्प्रेसने जाणाऱ्या धाराशिवकराला हे अगदीच नवं वाटायचं कारण नाही. स्लीपरचं तिकीट काढताना ‘ऑटो अपग्रेडेशन’ला हो म्हटलेलं असतं आणि चार्ट लागल्यावर एखाद्या दिवशी आपलं नाव थर्ड एसीच्या डब्यात दिसतं. रेल्वेने ही योजना २००६ मध्ये आणली. वरच्या वर्गातला रिकामा बर्थ खालच्या वर्गातल्या पूर्ण भाडं भरलेल्या प्रवाशाला द्यायचा आणि त्याच्या जागी वेटिंगवरचा माणूस बसवायचा. त्यात वर गेलेल्याकडून रेल्वे एक रुपयाही जादा घेत नाही. जहाज कंपनी वर जाणाऱ्याकडून घेते आणि त्याच्या जागी येणाऱ्याकडूनही घेते. युक्ती एकच, पण रेल्वे एकदा कमावते आणि जहाज दोनदा.

धाराशिवात बसून क्रूझवर लिहायचं तर आधी एका प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. जिल्ह्याला समुद्र नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाने जे ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आपला, तेव्हाचा उस्मानाबाद. आकांक्षित म्हणजे मागास, एवढं इथल्या कुणालाही कळतं. वर्षानुवर्षं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या या जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये उलटंच झालं. परंडा आणि भूम तालुक्यांत नद्या शेतात शिरल्या, पिकाबरोबर मातीही गेली. ज्याच्या शेतातली माती वाहून गेली, त्याच्यापुढे बाल्कनीच्या खोलीची गोष्ट कोण काढणार?

तरीही ती निघते, कारण जिल्हा म्हणजे एकच माणूस नसतो. निवृत्त झालेले शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, खतांचे दुकानदार आहेत. पुण्यात हिंजवडीला नोकरी करणारी मुलं आहेत, आणि त्यांनी ठरवलेलं असतं की आई-बापाच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, आता त्यांना जहाजात बसवायचं. दसरा होतो, कोजागरीला तुळजापूरची गर्दी उतरते, आणि घराघरात डिसेंबर-जानेवारीच्या सुट्यांचं बोलणं सुरू होतं. खोली निवडायचा प्रश्न या लोकांना पडतो, आणि फसायची पाळीही बहुधा यांच्यावरच येते, कारण घरात आधी जहाजातून फिरून आलेलं कुणी नसतं. कुणाला विचारावं तर समोर फक्त एजंट असतो.

तसा या मातीचा समुद्राशी संबंध जुना आहे. ‘पेरिप्लस’ नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात तगर या फार मोठ्या नगराचा उल्लेख येतो. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे गाव म्हणजे आपलं तेर. तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई आणि पुढे जहाजात चढे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा मांडून ठेवल्या आहेत. माल मात्र गेला. माणसं जहाजात बसायला दोन हजार वर्षं लागली.

आपल्याकडच्या बहुतेकांना ‘क्रूझ’ म्हणजे कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज माहीत आहे, आणि तेही ऑक्टोबर २०२१ च्या अमली पदार्थ प्रकरणामुळे. टीव्हीवर आठवडाभर तेच दिसत होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून फेऱ्या सुरू झालेल्या या जहाजाची जन्मकथा खोल्यांच्या भावासाठी समजून घेण्याजोगी आहे. ते १९९० मध्ये फ्रान्समधल्या सॅं-नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं. तेव्हाचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. लांबी सुमारे २११ मीटर, खोल्या आठशेच्या आसपास. तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठीच ते आखलेलं होतं. दोन-तीन दिवसांसाठी येणारा माणूस खोलीत थांबतो किती? म्हणून खोल्या लहान आणि बाकीच्या जागा ऐसपैस. शिवाय १९९० च्या सुमाराला खोलीला बाल्कनी असणं ही चैन होती. आजच्यासारखी बाल्कन्यांची रांगच्या रांग तेव्हाच्या जहाजांना नसे. त्यामुळे एम्प्रेसवर बाल्कनीच्या खोल्या थोड्याच आणि खरी निवड आतली खोली की खिडकीची खोली, एवढीच राहते. माल थोडा असला की भाव कसा वर राहतो, हे सांगायला नको. कॉर्डेलियाने २०२५ मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनची ‘स्काय’ आणि ‘सन’ ही आणखी दोन जहाजं भाडेकरारावर घेण्याची घोषणा केली. ती नंतरच्या काळातली, बाल्कन्या जास्त असलेली जहाजं आहेत. ती मुंबईच्या पाण्यात फिरू लागली की बाल्कनीचं अप्रूप आणि कदाचित भावही उतरेल.

कॉर्डेलियाच्या आधीचे प्रयोग फार टिकले नाहीत. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई–गोवा ‘आंग्रिया’ सुरू झालं. तिथे पूर्ण खोल्यांबरोबर डॉर्मिटरीतली नुसती झोपायची जागाही विकली जाई. मला वाटतं, मराठी खिशाला परवडेल असा दरांचा जिना मांडायचा तो सगळ्यांत प्रामाणिक प्रयत्न होता. २०१९ मध्ये ‘जलेश’चं ‘कर्णिका’ आलं आणि करोनाच्या वर्षात बुडीत गेलं. त्याही आधी, कोकणच्या आगबोटींच्या काळात प्रश्नच नव्हता: डेकचं तिकीट काढायचं, वळकटी पसरायची, बंदर आलं की पडावात उतरायचं. वरच्या वर्गात जाण्यासाठी कुणी बोली लावत नसे.

आता बोली लावतात. हा प्रकार परदेशी कंपन्यांनी रुळवला. रॉयल कॅरिबियन त्याला ‘रॉयलअप’ म्हणते, नॉर्वेजियन ‘अपग्रेड अॅडव्हांटेज’. मागची यंत्रणा पुरवणाऱ्यांपैकी मोठं नाव प्लसग्रेड, मॉन्ट्रियलची कंपनी. त्यांनी आधी विमानातल्या रिकाम्या बिझनेस क्लाससाठी हे केलं आणि मग जहाजांकडे वळले. बुकिंग झालं, पैसे भरले, की ईमेल येतो: तुमच्या खोलीपेक्षा वरच्या या-या वर्गांसाठी किती द्याल? पडद्यावर एक पट्टी असते. ती सरकवत गेलं की शेजारचा काटा ‘कमजोर’पासून ‘जोरदार’कडे जातो. बोली मान्य झाली की कार्डावरून पैसे जातात, आणि निकाल सुटायच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत लटकत राहू शकतो.

बाजार समितीत माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला लिलाव माहीत आहे, पण तो विकणाऱ्याच्या बाजूने. कळंबच्या यार्डात सौदा निघतो तेव्हा ढिगाभोवती खरेदीदार उभे असतात, भाव सगळ्यांसमोर चढतो. जहाजाच्या लिलावात दुसऱ्याची बोली दिसत नाही, किती खोल्या शिल्लक आहेत ते कळत नाही, आणि काटा कशावरून हलतो तेही कंपनी सांगत नाही. इतर सगळ्या बोलीदारांना बाहेर ठेवून एकेका खरेदीदाराला कानात भाव विचारावा, तशातला हा लिलाव. म्हणून काट्याकडे बघून बोली वाढवू नये. काटा कंपनीचा आहे.

बोलीचा आकडा माणशी असतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. समजा आपण ५,००० रुपये लिहिले. खोली दोघांची धरलेली असते, म्हणून कार्डावरून १०,००० जातात. एकटा माणूस खोलीत असला तरी सहसा दोघांचेच जातात. उलट त्याच खोलीत आजी-आजोबांसह चौघं असतील तर तिसऱ्या-चौथ्याचे पैसे बहुधा लागत नाहीत. चौघांच्या कुटुंबाला ही बोली जोडप्यापेक्षा स्वस्त पडते. मग रात्रींनी भागावं. १०,००० रुपये दोन रात्रींच्या सहलीत रात्रीला ५,००० पडतात, सात रात्रींच्या सहलीत दीड हजाराहून थोडेच कमी. तीच रक्कम, तीच बाल्कनी, पण छोट्या फेरीत ती तिप्पट-चौपट महाग. मुंबई–गोवासारख्या फेऱ्यांत वरच्या खोलीचा मोह जास्त असतो, कारण सहलच पहिली असते. आणि हिशोब तिथेच सगळ्यांत तोट्याचा.

शिवाय वर गेल्याने काय मिळत नाही तेही वाचावं. खोली वर गेली तरी मूळ बुकिंगबरोबरचे फायदे तेवढेच राहतात. रॉयल कॅरिबियनच्या नियमित प्रवाशांना मिळणारे गुण मूळ घेतलेल्या खोलीप्रमाणेच मोजले जातात. वरच्या वर्गातली कोणती खोली, कोणत्या मजल्यावर, पुढे की मागे, हे निवडता येत नाही. आणि बोली एकदा मान्य झाली की परत फिरता येत नाही.

मराठी कुटुंबाच्या दृष्टीने खरी अडचण इथे आहे. आपण एकटे-दुकटे जात नाही. तीन भावंडं, त्यांची मुलं, सासू-सासरे, असा गोतावळा तीन-चार खोल्यांत विभागून जातो, आणि खोल्या शेजारी-शेजारी मिळाव्यात म्हणून महिनाभर आधी फोन केलेले असतात. त्यात एका जावयाने हौसेने बोली लावली आणि ती लागली, की त्याची खोली पाच मजले वर आणि म्हातारी माणसं खाली. दाढदुखीची गोळी सुनेच्या पर्समध्ये, सून जहाजाच्या दुसऱ्या टोकाला. तीन कुटुंबांनी मिळून जायचं असेल तर बोली लावूच नये, असं माझं मत आहे. एक वर गेलं की बाकीच्यांनाही वर जावंसं वाटतं, आणि मग संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर समुद्र राहतो बाजूला, भाव कुणाला कितीला पडला याचीच चर्चा चालते.

‘गॅरंटी’ नावाचं आणखी एक प्रकरण आहे. बुकिंग करताना खोलीचा नंबर मिळत नाही, फक्त वर्ग मिळतो. त्याबद्दल दर कमी असतो. नंबर कंपनी नंतर देते. कधी नशिबाने वरच्या वर्गातली खोली मिळते, बहुतेक वेळा ज्या खोल्या इतरांनी जाणून टाळल्या त्यांतली मिळते: पोहण्याच्या तलावाखालची, जिथे सकाळी सहालाच खुर्च्या ओढण्याचा आवाज सुरू होतो, नाचगाण्याच्या हॉलवरची, किंवा जिच्या खिडकीसमोर केशरी जीवरक्षक नौका टांगलेली आहे ती. ‘सी व्ह्यू’ लिहिलेलं असलं तरी समुद्र नौकेआडून बघावा लागतो. बुकिंगमध्ये ‘ऑब्स्ट्रक्टेड’ हा शब्द असेल तर दर कमी का आहे ते कळलं. बोट लागणाऱ्याने, म्हणजे ज्याला घाटात एसटीत उलटी होते त्याने, मजल्याच्या उंचीसाठी पैसे देऊच नयेत. जहाज सगळ्यांत कमी हलतं ते मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर. वरच्या टोकाचा महागडा सूट लाटा असतील तेव्हा सगळ्यांत जास्त झुलतो, ही गोष्ट जाहिरातीत कुठेच नसते.

आपल्याकडे बरीच बुकिंगं ग्रुप टूरमधून होतात. सिंगापूरच्या सहलीत दोन-तीन रात्रींची क्रूझ जोडलेली असते. तिथलं ‘गेंटिंग ड्रीम’ जहाज मराठी प्रवाशांच्या चांगल्या ओळखीचं झालं आहे. अशा वेळी बुकिंग टूर कंपनीच्या किंवा एजंटच्या नावावर असतं आणि अपग्रेडचे ईमेल त्यांच्या पत्त्यावर जातात. ग्रुपच्या खोल्यांना बोलीची सोय अनेकदा नसतेच. प्रवासी जहाजावर जातो, शेजारच्या खोलीतल्या माणसाकडून ऐकतो की त्याला स्वस्तात बाल्कनी मिळाली, आणि परत येऊन एजंटवर चिडतो. बिचाऱ्या एजंटचा तिथे दोष असेलच असं नाही. बुकिंगमध्ये कुणाचा ईमेल घातला आहे, आणि खोली बदलायची असेल तर कंपनीशी आपण बोलू शकतो की तोच बोलणार, हे दोन प्रश्न मात्र पैसे देण्याआधी विचारायला हवेत.

जहाजावर पाऊल ठेवलं की विक्रीचा दुसरा अंक सुरू होतो. वायफाय, स्पा, खास रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली. रोख चालत नाही. खोलीचं कार्डच सगळीकडे दाखवायचं आणि हिशोब शेवटच्या सकाळी बघायचा. गंमत दारूच्या पॅकेजमध्ये आहे. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल अशा कंपन्यांचा नियम असा की खोलीतल्या एका प्रौढाने अमर्याद मद्याचं पॅकेज घेतलं, तर त्याच खोलीतल्या इतर प्रौढांनाही घ्यावं लागतं. एकाच्या ग्लासातून दोघांनी पिऊ नये म्हणून. आपल्याकडची जोडपी डोळ्यांसमोर आणा: नवरा चार दिवस मोकळा, बायकोचा त्यात गुरुवार. दोघांचं पॅकेज घेण्याऐवजी ग्लासागणिक पैसे दिलेले बहुधा स्वस्त पडतात, आणि घरातली शांतता टिकते ती वेगळीच.

‘शेवटच्या २ खोल्या’, ‘पुढची १५ मिनिटंच’, आणि ‘नको, मला समुद्र बघायचा नाही’ असं लिहिलेलं बटण, या युक्त्यांना आता भारतात कायद्याचं नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न्स’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात अशा तेरा प्रकारांची यादी आहे: खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, आणि सुरुवातीला कमी दर दाखवून शेवटच्या पानावर बंदर शुल्क, टिप, कर असे एकेक थेंब टाकत किंमत वाढवणं. जहाजाच्या जाहिरातीतला दर आणि प्रत्यक्ष भरलेला दर यांतलं अंतर बहुतेक या शेवटच्या प्रकाराने तयार होतं. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे: तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुंबईत बुकिंग झालं, जहाज गोव्याला गेलं, तरी उमरग्याच्या माणसाला धाराशिवच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. पण कागद हवा. फोनवर ‘बाल्कनी देतो’ म्हटलं, पावतीवर नुसतं ‘केबिन’ लिहिलं, तर आयोग काय करणार? वर्ग, मजला, दोघांचे की एकाचे पैसे, हे सगळं पावतीवर लिहून घ्यावं. परदेशी कंपनीच्या अटींत न्यायालयही परदेशातलं नेमलेलं असतं. तिथे पावती देणारा इथला एजंटच आपल्या हाती लागतो.

आणखी एक गोष्ट खटकते ती सांगून टाकतो. मोठ्या जहाजांत आता जहाजाच्या पोटातच दुसरं जहाज असतं. एमएससीचा ‘यॉट क्लब’, नॉर्वेजियनचं ‘हेवन’, गेंटिंग ड्रीमचा ‘पॅलेस’: वेगळं जेवणघर, वेगळा तलाव, दारावर माणूस. २०२४ मध्ये आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर २,८०५ खोल्या आहेत आणि जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात, म्हणजे आपल्याकडचं चांगलं मोठं गाव, वेशीसकट. खालच्यांना वरचा तलाव दिसतो, जाता येत नाही. समुद्रावर हा भेद बघून आपल्याला राग येतो. तुळजापूरच्या रांगेत पैशाच्या पासवाला आपल्याआधी गाभाऱ्यापाशी पोचतो तेव्हा मात्र आपण हळूच पासची खिडकी कुठे आहे ते विचारतो. मी रांगेतही उभा राहिलो आहे आणि पासही काढला आहे, त्यामुळे जहाज कंपन्यांना नीतीचे धडे द्यायचा माझा अधिकार कमीच.

तर मुंबई–गोवा दोन रात्रींची फेरी असेल तर मी आतली खोली घेईन आणि कोणताही अपग्रेड घेणार नाही. मोठा प्रवास रात्री होतो, रात्री खिडकीतून काळोख दिसतो, आणि दिवसा सगळं जहाज उघड्या डेकवर असतं. तो समुद्र फुकट आहे. बाल्कनीचे पैसे नॉर्वेच्या खाड्यांसाठी किंवा अलास्काच्या हिमनद्यांसाठी राखून ठेवावेत. तिथे किनारा दिवसभर हाताच्या अंतरावरून सरकत असतो आणि बाहेर थंडी इतकी की खोलीतूनच बघितलेलं बरं.

अपवाद एकच, म्हाताऱ्या माणसांचा. जन्मभर पहाटे चारला उठून धारा काढलेल्या माणसाला आतली खोली देऊ नये. तिथे दिवा मालवला की दुपारी बारालाही मध्यरात्र असते. त्यांना उजाडलं की नाही ते कळत नाही आणि ती बिछान्यावर बसून राहतात, मुलांची झोप मोडू नये म्हणून दारही उघडत नाहीत. त्यांच्यासाठी खिडकीची खोली बुकिंगच्या दिवशीच पूर्ण पैसे देऊन घ्यावी, बोलीच्या भरवशावर ठेवू नये. आणि नंबर मागून घ्यावा: खालच्या मजल्यावरचा, जहाजाच्या मधला, लिफ्टपासून चार दारांच्या आत.